दारात अडलेलं कपाट

मामाने केलेलं कपाट शंभर वर्षं टिकणार होतं, आणि टिकलंही असतं. पण त्यानेच बांधलेलं घर सातव्या वर्षी समुद्राला आवडलं. मागची भिंत खचली आणि संध्याकाळच्या भरतीआधी निघायचं ठरलं. गाद्या गेल्या, भांडी गेली, कपाट दारात अडलं. खाऱ्या हवेत खिळे गंजतात म्हणून मामाने ते खोलीतच, एकही खिळा न मारता, सांधून उभं केलं होतं. दमटपणाने फुगलेले सांधे आता सुटेनात. “दादा, एवढा नावाजलेला सुतार तू, दाराचं माप नाही घेतलंस?” आईने विचारलं. “घेतलं होतं गं. माणसं आत येतील एवढं. बाहेर जायचंय असं कोण म्हणालं होतं?” त्याने करवत काढली. फळ्या तरी वाचतील. “हळू, पॉलिश निघेल,” आई म्हणाली आणि पाठ फिरवून उभी राहिली. भाड्याच्या खोलीत पत्र्याचं कपाट आधीच होतं.