फैलकाची पेटी

१९६० साली फैलका बेटावरून कुवेतच्या किनाऱ्याकडे निघालेली लाँच शमालच्या, म्हणजे वायव्येकडून सुटणाऱ्या वाऱ्याच्या, वादळात सापडली. "साहेब, पेटी फेका! आपण बुडतोय!" सुकाणू धरून रत्नागिरीचा तांडेल बदरुद्दीन ओरडला. उत्खनन करणारा स्कॉटिश साहेब लाँचला दोराने बांधलेली पेटी कवटाळून बसला होता. आत हिवाळाभर उकरून काढलेले कोरीव दगड होते. खलाशी कासम पाणी उपसून दमला, तरी ते गुडघ्यापर्यंत चढलं. बदरुद्दीनने सुरा काढला. "दोर मी कापू की तुम्ही?" साहेब हिंदुस्थानीत म्हणाला, "माझ्या गावात वाळूखाली हजारो वर्षांची घरं सापडली. मासेमारीला गेलेल्या माझ्या बापाची होडी मात्र सापडली नाही." मग त्यानेच दोर कापून पेटी समुद्रात लोटली. लाँच हलकी झाली. साहेबाला हुंदका फुटला. बदरुद्दीनने त्याचा हात सुकाणूवर ठेवला. "धरा. तुम्हीपण दर्याचंच पोर. मी पाणी उपसतो." साहेबाने लाँचचं तोंड लाटेकडे वळवलं.