खोकला वगळून

व्यासपीठावर जायची वेळ झाली आणि नेमका तात्याच्या आईचा फोन आला.

"थांब हं, घड्याळाखाली येते," ती म्हणाली. घरात फोनवर आवाज नीट यायचा तो तेवढ्या एकाच कोपऱ्यात. "हं, बोल आता. जेवलास का?"

"आई, मला आता सगळ्यांसमोर बोलायचंय. नंतर करतो."

"नीट बोल. पुटपुटू नकोस." मग ती खोकली. बराच वेळ खोकत राहिली.

"अजून आहेच का गं?"

"असू दे. तुझ्या यंत्रानं सांगितलंय ना, काही नाही म्हणून. डॉक्टर छातीचा फोटो काढा म्हणून मागे लागले होते. त्यांना म्हटलं, माझा मुलगा पहिला आलाय, तुम्ही कितवे आलात?"

तात्या हसला. तात्या म्हणजे कुणी वयस्कर गृहस्थ नव्हे. लहानपणापासून म्हाताऱ्यासारखा बोलायचा, म्हणून घरीदारी सगळे त्याला तात्याच म्हणत.

स्पर्धा खोकल्याचीच होती. एका रुग्णालयानं हजारो लोकांचे खोकले रेकॉर्ड करून दिले होते. नुसता खोकला ऐकून फुप्फुसाचा आजार ओळखेल असा प्रोग्राम बनवायचा. तात्याचा पहिला आला. मागच्या महिन्यात त्यानं आईलाही फोनवरच खोकायला लावलं होतं आणि प्रोग्रामनं लगेच निकाल दिला, निरोगी. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्याला शांत झोप लागली होती.

आज विजेत्यांनी आपापल्या युक्त्या सांगायच्या होत्या. तात्यानं आलेख दाखवले, आकडे दाखवले. तेवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण टाळ्या पडल्या आणि पठ्ठ्याची जीभ सैल सुटली.

"खरी युक्ती विचाराल तर कान," तो म्हणाला. "मी एकेक खोकला स्वतः ऐकलाय."

शुद्ध थाप. त्यानं एकही ऐकला नव्हता. आकडा वर चढतोय ना, मग ऐकायचं कशाला, असा त्याचा खाक्या.

पहिल्या रांगेत दुसऱ्या नंबरच्या बाई बसल्या होत्या. गळ्यात हेडफोन, मांडीवर पिशवी. त्यांनी हात वर केला.

"सगळे ऐकलेत? निरोगी लोकांचेसुद्धा?"

"सगळे."

"मग तुमच्या लक्षात आलंच असेल."

"अर्थात," तात्या म्हणाला. काय लक्षात यायला हवं होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

बाईंनी त्याच्याकडे जरा पाहिलं आणि हात खाली घेतला. बाकी कुणाला काही कळलं नाही, पण तात्याचे कान लाल झाले. उरलेलं बोलणं त्यानं कसंबसं उरकलं.

चहाच्या वेळी तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. लोक येऊन हात मिळवत होते आणि प्रत्येक हाताबरोबर त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. शेवटी तो स्वतःच बाईंकडे गेला.

"मी थाप मारली," तो म्हणाला. "एकही ऐकलेला नाही."

"कळलं मला." बाई चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "ऐकला असतात तर पहिला नंबर गेला असता. माझा गेला तसा."

"म्हणजे?"

"आजारी माणसांचे खोकले वॉर्डात घेतलेत आणि निरोगी लोकांचे बाहेरच्या एका खोलीत. त्या खोलीत एक आवाज आहे. प्रत्येक निरोगी खोकल्यामागे तोच. मी तो पुसून टाकला, तर माझे गुण घसरले. तुमचा प्रोग्राम खोकला ऐकतच नाही हो. तो आवाज कानावर पडला की निरोगी म्हणून मोकळा होतो. मग माणूस आजारी का असेना."

तात्याला तोंड कुठे लपवू असं झालं. "मग मघाशी सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

"म्हटलं, तुम्हीच सांगाल."

त्यानं कप ठेवून दिला. चहानंतर पुन्हा माईक मागायचा आणि सगळं सांगून टाकायचं, त्यानं ठरवलं. नंबर गेला तर जाऊ दे, नाक कापलं गेलं तरी चालेल. एवढं ठरवल्यावर त्याला जरा हलकं वाटलं.

"ऐकवा तरी मला तो आवाज."

बाईंनी गळ्यातले हेडफोन काढून त्याला दिले. "खोकला वगळून ठेवलाय. नुसतं मागचं आहे ते."

तात्यानं ते कानाला लावले. आधी काहीच नाही. मग एक बारीक आवाज, एका लयीत, न थांबता चाललेला. अगदी ओळखीचा.

बाई काहीतरी विचारत होत्या. त्यानं हेडफोन त्यांच्या हातात कोंबले आणि घरी फोन लावला.

फोन उचलला गेला. आधी आईचा खोकला आला, मग तुटक तुटक शब्द.

"थांब हं, घड्याळाखाली येते."