आधी कोण बोलणार?

"आधी तू बोल, ताई. मग मी बोलेन." अबोला धरलेल्या धाकट्या बहिणीचे हे शब्द बाईंच्या कानात वर्षानुवर्षं घर करून होते, आणि बाईंचं घर मात्र ओकंबोकं.

आज संगणकाच्या वर्गात एक चिमुरडी रडकुंडीला आली. "बाई, माझा प्रोग्रॅम बिघडलाय! मांजर नि पोपट नुसते एकमेकांची तोंडं बघत बसलेत."

बाईंनी स्क्रीनवरचे सूचनांचे रंगीत ठोकळे वाचले. मांजरीला सांगितलं होतं, पोपट बोलला की बोल. पोपटाला सांगितलं होतं, मांजर बोलली की बोल.

"बिघडलं काही नाही गं. तू दोघांनाही वाट बघायलाच शिकवलंस."

"मग आधी कोण बोलणार?"

"तूच ठरव," बाई म्हणाल्या.

"मांजर मोठी आहे ना? मग तीच बोलेल!" चिमुरडीनं मांजरीचा ठोकळा बदलला. मांजर 'म्याव' म्हणाली मात्र, पोपटाची टकळी जी सुरू झाली ती थांबेचना.

शाळा सुटली. रिकाम्या वर्गात बाईंनी बहिणीला फोन लावला. पलीकडून तो उचलला गेला, पण आवाज आला नाही. फक्त श्वास ऐकू येत होता.

"छकुले," बाई म्हणाल्या, "तुझ्याशिवाय करमत नाही गं मला."