चोवीस साच्यांचा माणूस

“सांगितलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही,” बुधाजी म्हणाला, आणि बसू नये असंच तो सांगणार होता.

समोर शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या खुर्च्यांवर कॉटन ग्रीनचे पाहुणे बसले होते. धर्मा, गोदीत हमालांच्या टोळीचा मुकादम. त्याची बायको तुळसा. मधोमध त्यांचा वसंत, फोर्टातल्या बँकेत चिकटलेला, त्यामुळे मुलींच्या बापांना सोन्याच्या भावाचा. बुधाजीच्या मुलीला, शांतीला बघायला आले होते. गिरणीचा संप लागून तीन वर्षं उलटल्यावर लालबागच्या चाळीत असलं स्थळ पायांनी चालत दाराशी येणं, ही आधीच एक थाप वाटावी अशी गोष्ट होती.

संप जुन्या धोतरासारखा विरून गेला होता. गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले, पण बुधाजीला कोणी आत घेतलं नाही. बायको दुर्गा खोलीतच खाणावळ चालवायची. अर्धं आयुष्य गिरणीत कापड विणायचे साचे चालवलेला बुधाजी मोरीत उकिडवा बसून जेवणाऱ्यांची ताटं घासायचा. आज त्या मंडळींना लवकर वाढून पिटाळलं होतं. “विचारलं तर खाणावळ आहे म्हणा,” दुर्गानं त्याला बजावलं होतं. “लाज कसली त्यात?” लाज तिला नव्हतीच. होती ती त्याला.

विषय काढला होता धर्मानं. “गोदीत आता मोठ्या क्रेनी आल्या. मालानं भरलेला डबाच्या डबा उचलतात. माझ्या टोळीतली अर्धी माणसं घरी बसली.”

“बँकेत उलटं,” वसंत म्हणाला. “कॉम्प्युटरवर पाण्यासारखा पैसा ओतलाय. त्याला काचेची थंडगार खोली. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळासारखं. पण युनियननं ठणकावलं, माणूस एक कमी करायचा नाही. मशीन एकटं काम करतं आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसतो.”

“दर्शनाचा पगार,” तुळसा म्हणाली, आणि सगळे हसले.

मग धर्मा वळला. “आणि तुमच्या मिलमधी काय, बुधाजीराव? शेटनं नव्या मशिनीत पैसा घातला की नाय? माणसं किती ठेवली?”

तुमच्या मिलमधी. बुधाजीनं ‘खाणावळ’ म्हणायला तोंड उघडलं होतं. बाहेर पडलं ते विश्वास न बसणारं.

“जपानवरून मशीन आलंय. आमचं आख्खं साचेखातं शेटनं उचलून भंगारात दिलं. पूर्वी दोन साच्यांना एक माणूस. आता चोवीस साच्यांना एक. धागा तुटला की लाल दिवा लागतो. साचा आपणहून थांबतो आणि वाट बघत बसतो.”

“कोणाची?”

“माझी.”

वसंतनं भुवया उंचावल्या. संप लागल्यापासून बुधाजीकडे असं कोणी बघितलं नव्हतं. त्याला चव आली. “मी आपला खुर्चीत. चाकाची खुर्ची. पायानं रेटा दिला की घरंगळत या साच्याकडून त्या साच्याकडे. तुमच्या कॉम्प्युटरला एक खोली थंड ना? आमचं आख्खं खातं थंड. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, स्वेटर घालून येतो.”

“मे महिन्यात पण?” धर्मा म्हणाला.

“मे महिन्यात कानटोपी.”

पडद्यामागे दुर्गानं कपाळावर हात मारला. तिच्या बांगड्या वाजल्या, बुधाजीनं ऐकल्या. पण आता त्याची जीभ उताराला लागली होती.

“मग बाकीची माणसं कुठं गेली?” तुळसानं विचारलं. ती हसत नव्हती.

“घरी. शेटनं निवडून घेतली. इमानी तेवढीच.”

“इमानी म्हणजे?”

बुधाजी थांबला नाही. थाप मारताना विचार केला की माणूस सापडतो, असं त्याचं मत होतं. “हजेरी बघून घेतली. आपला आख्ख्या संपात एक दिवस खाडा नाही.”

धर्मानं पोह्यांची बशी खाली ठेवली. अर्धीच खाल्लेली.

“हिचा भाऊ गिरणीच्या गेटवर बसला होता,” तो हळू आवाजात म्हणाला. “उपाशी मुलुखाला गेला, पण आत पाय नाय टाकला. संपात आत जाणाऱ्याच्या घरचं आम्ही पाणी पीत नाय, बुधाजीराव. पोहे खाल्ले ते न कळून.” तो उठला. “चल, वसंता.”

गेटवर बुधाजीही होता. पोलिसांची काठी खाल्ली होती. पहाटे चोरून आत शिरणाऱ्यांच्या अंगावर त्यानं दुर्गाच्या बांगड्या फेकल्या होत्या, ‘भरा, भरा’ म्हणत. आता तोंड उघडलं तर तो थापाड्या. मिटून ठेवलं तर फितूर. यातली कोणती लाज अंगावर घ्यावी ते त्याला ठरवता येईना. राखेनं चिरा पडलेली बोटं त्यानं मांडीखाली सरकवली आणि तो जमिनीकडे बघत राहिला. पाहुणे चपला शोधू लागले, तरी बघत राहिला.

शांती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. बघायला आलेल्यांसमोर मुलीनं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, मान वर करायची नसते. तिनं ट्रे खाली ठेवला आणि मान वर केली.

“थांबा, काका. बाबा खोटं बोलतायत,” ती म्हणाली. “ते अजून संपावरच आहेत.”