बारशाचा जनरेटर

जोतिबानं दोन्ही टोकांना पिना असलेली वायर उचलली, तशी सुलाबाई मीटरबोर्डापुढं जाऊन उभी राहिली.

"मावशी, सरक की जरा."

ती हलेना. वाऱ्यानं फांदी पडून सकाळीच लाईट गेली होती. आज जोतिबाच्या लेकीचं बारसं. निपाणीहून सासुरवाडीची माणसं कडोलीत येऊन घामाघूम बसली होती, आणि पाळण्यातलं पोर उकाड्यानं रडून लालबुंद झालं होतं. वायरीचं एक टोक अंगणातल्या जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटात घातलं की सगळे पंखे सुरू. एवढ्याशा कामाला ही आडवी आलेली. घरात राबून तिनं त्याला कडेवर वाढवलं होतं. दुसरं कुणी असतं तर चार शब्द ऐकवून मोकळा झाला असता.

"पाळण्यापुढं एक पंखा लाव, थेट जनरेटरला," ती म्हणाली. "घराला जोडायचा तर आदी चेंजओव्हरचा खटका बसीव, लाईन न्हायतर जनरेटर, एकच चालू ऱ्हातंय. लाईनमन खांबावर चढलाय. हितला करंट उलटा जाऊन त्येला लागंल."

"मेन स्विच पाडतो की. मग कसा जाईल?"

"आन इसरलास तर?"

"आप्पा असंच जोडायचे. कवा काय झालं न्हाय." जोतिबानं वडलांचा दाखला दिला.

"झालतं." सुलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तुज्या बारशाला आप्पा मेन पाडायला इसरले. खांबावर माझा मालक हुता. करंट कुणाच्या घरातनं आला, गावाला कळलं न्हाय. आप्पांनी मला तेवढं सांगितलं, पाया पडून."

सुलामावशीचा नवरा खांबावर शॉक लागून गेला, एवढंच जोतिबाला ठाऊक होतं. त्यानं वायर गुंडाळून बाजूला टाकली, पंखा पाळण्यापुढं ठेवला आणि त्याची वायर अंगणात नेऊन सरळ जनरेटरला जोडली. पोर हळूहळू शांत झालं. तो परत आला.

"मग तू आमच्यात कशी ऱ्हायलीस, मावशी?"

"तुजं बारसं मोडलतं. म्हैन्यानं आप्पांनी तुला माझ्या मांडीवर घातलं, आन मालकाचं नाव ठिवलं. लोकास्नी वाटलं, देवाचं ठिवलं."

जोतिबाच्या डोळ्यांत पाणी आलं. ही बाई त्याला लेकरा म्हणायची, राजा म्हणायची, रागावली की मुडद्या म्हणायची. जोतिबा म्हणून तिनं त्याला आजवर एकदाही हाक मारली नव्हती. नवऱ्याचं नाव कुठली बाई घेते?