पश्चिमेची भिंत

शिरूर अनंतपाळचं माझ्या वाट्याचं रान विकून आम्ही कोकणात, समुद्राच्या काठाला घर बांधायला काढलं. आर्किटेक्ट आमचीच लेक, मनस्विनी. मी तिला एकच सांगितलं होतं, पलंगावर उठून बसलं की समुद्र दिसला पाहिजे. पोरीनं एकही माड न तोडता, पश्चिमेला सगळं मोकळं असलेलं देखणं घर काढून दिलं.

आमच्या ह्यांनी तो नकाशा उदगीरच्या वास्तुवाल्याला दाखवला. तो म्हणाला, पश्चिमेला पाणी दिसलं की घरधन्याचा घात होतो. झालं! माड तोडले, समुद्राकडच्या खिडक्या रद्द केल्या आणि तिथं दांडगी भिंत उभी केली. खिडक्या गेल्या पूर्वेला, शेजाऱ्याच्या संडासासमोर.

"अहो, कोकणात समुद्र पश्चिमेलाच असतो!" मी ओरडले.

"मग मी काय करू? त्यो चुकीच्या बाजूला हाय."

मनस्विनीनं त्याच दिवशी काम सोडलं.

वास्तुशांतीला उदगीरहून दोन ट्रॅव्हल्स भरून पाहुणे आले. गुरुजी जोडप्याची वाट बघत बसले होते. मी भिंतीच्या मागं, वाळूत खुर्ची टाकून समुद्राकडं तोंड करून बसले होते. हे उपरणं सावरत धावत आले.

"अगं ऊठ, गाठ मारायची हाय! लोक काय म्हणतील?"

मी मानसुद्धा वळवली नाही.


"मला आत नेऊ नका. मी पश्चिमेचं पाणी बघितलंय, घरधन्याचा घात व्हायचा."