डावीकडचा बॉल

"आये, आजो डावीकडचो बॉल सोडता गो," गौरजाने दोनदा सांगितलं. टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेमवर आजोबा-नात रोज पिनबॉल खेळत. डाव्या अंगठ्याने रिमोटचं बटण दाबून पडद्यावरची डावी पट्टी उडवायची, बॉल परतवायचा, आणि हल्ली आजोबांना तेच जमत नव्हतं.

दिव्या हसली. "अगो, तुका जिंकवूक मुद्दाम सोडतत ते."

तिचे सासरे, गुणाजी, शेजारीच बसले होते. तेही हसले.

चौथ्या दिवशी त्यांचं डावं अंग लुळं पडलं. डॉक्टरांनी विचारलं, "हात कधीपासून ढिला पडत होता?" गौरजाने फक्त आईकडे पाहिलं.

तुमच्याही घरी कोणी नातवंडांशी खेळताना मुद्दाम हरत असेल, तर आज त्यांच्या डाव्या हातात आपला हात द्या आणि म्हणा, जरा घट्ट दाबा बघू.